व्यायाम घरी व्हावा म्हणून: फिजिओथेरपीत रुग्णाचा उत्साह कसा टिकवायचा

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेली एखादी आजी आठवड्यातून तीनदा आपल्याकडे येते आणि दर वेळी तासभर थांबते असं धरा. आठवड्याचे तास १६८. त्यातले तीन आपल्याकडे, उरलेले १६५ घरी. गुडघा किती वाकणार आणि किती सरळ होणार, हे त्या १६५ तासांत ठरतं. आपण टेबलवर कितीही जीव तोडून मेहनत घेतली तरी घरी पाय उशीवर वाकडा ठेवून दिवस काढला तर सगळं पाण्यात.

मी फलटणला प्रॅक्टिस करते. निम्म्याहून जास्त रुग्ण आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. गुडघ्याची ऑपरेशनं, जखडलेले खांदे, लकवा, पडून मोडलेली मनगटं, ऊसतोडीने गेलेल्या कंबरा. नव्याने क्लिनिक टाकलेली मुलं-मुली मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, पेशंट चार दिवस येतात आणि मग येतच नाहीत, काय करायचं?" हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. घरात असा रुग्ण असेल तर त्या घरच्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. पेशंट आळशी असतो म्हणून व्यायाम सोडतो, असं मला तरी फार क्वचित दिसलं आहे. पहाटे उठून धारा काढणारी, दिवसभर रानात राबणारी बाई दहा मिनिटांच्या व्यायामाला आळस करत नाही. ती सोडते कारण दुखलं की तिला वाटतं आपण काहीतरी मोडून घेतोय. किंवा तीन आठवडे करूनही फरक दिसत नाही. किंवा हे कशासाठी चाललंय ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं. किंवा घरातून कुणी तरी म्हणतं, "राहू दे आता, या वयात कशाला त्रास." कारण कुठलं आहे ते कळलं की निम्मं काम होतं, म्हणून कारण शोधायचं. "मन लावून करा हं" असं सांगून काही होत नाही.

पहिल्या दिवशीचा प्रश्न

"कुठे दुखतंय?" हे तर विचारायचंच. पण त्याच्या पाठोपाठ मी विचारते, "हे दुखणं नसतं तर आज सकाळपासून तुम्ही काय काय केलं असतं?" आणि मग गप्प बसते. उत्तर यायला वेळ लागतो. बहुतेक जण आधी म्हणतात, "काय नाय ओ, बरं वाटलं म्हणजे झालं." तिथे घाई करू नका. पेनसुद्धा खाली ठेवा.

मग खरं काय ते बाहेर येतं. एक मावशी म्हणाल्या, "माझा अंबाडा मला घालता येईना. रोज सुनेपुढे बसायची लाज वाटते." मधुमेह, त्यात खांदा जखडलेला. मधुमेहींमध्ये हे दुखणं जास्त आढळतं आणि चिवटही असतं. तपासणीच्या कागदावर आपण लिहितो की हात बाहेर वळवणं इतके अंश, वर उचलणं इतके अंश. मावशींच्या लेखी त्याला काही अर्थ नाही. म्हणून मी कागदाच्या सगळ्यात वर लिहिलं: "स्वतःचा अंबाडा स्वतः घालायचा." आणि त्याचे टप्पे पाडले. आधी हात कानाला लागला पाहिजे. मग कानामागे. मग डोक्याच्या मागच्या बाजूला, मान न वाकवता. मग केसांतून कंगवा खालपर्यंत. अंबाडा सगळ्यात शेवटी, कारण त्याला दोन्ही हात मागे नेऊन थोडा वेळ तिथेच धरून ठेवावे लागतात. प्रत्येक टप्प्याला लागणारा व्यायाम तोच होता, जो मी एरवीही दिला असता. फरक इतकाच की आता तो कशासाठी आहे ते मावशींना माहीत होतं, आणि कुठवर आलो तेही आरशात बघून त्यांचं त्यांनाच कळत होतं.

प्रत्येकाचं असं काहीतरी असतंच. कुणाला पाडव्याला स्वतः गुढी उभारायची असते. कुणाला मोटारसायकलची किक मारायची असते, कुणाला ट्रॅक्टरचा क्लच दाबायचा असतो. कुणाला फक्त एसटीची पहिली पायरी कुणाचा हात न धरता चढायची असते, आणि ती पायरी किती उंच असते ते गुडघा दुखणाऱ्यालाच विचारा. आमच्या भागातून माउलींची पालखी जाते: लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. इथल्या कितीतरी आजी-आजोबांना दुसरं काही नको असतं, त्यांना पालखीबरोबर चालायचं असतं. अख्खी वारी झेपणार नसेल तर लोणंद ते तरडगाव हा छोटा टप्पा धरायचा, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगणही होतं. आषाढाला किती आठवडे आहेत ते मोजायचं आणि तिथून मागे येत चालण्याचा कार्यक्रम आखायचा. यंदा टप्पा झेपेल असं वाटत नसेल तर घरापासून पालखीच्या वाटेपर्यंत चालत जाऊन दर्शन घ्यायचं ठरवायचं. एकदा तारीख ठरली की उठवायला कुणी लागत नाही.

इथे एक सांभाळायचं. जे होणार नाही ते कबूल करू नका. गुडघा बदलल्यावर मांडी घालून जमिनीवर बसणं सहसा मना करतात. ते किती पाळायचं हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. पेशंटच्या मनात "पंगतीत पाटावर बसून जेवायचं" असेल आणि आपण नुसती मान डोलावली, तर तीन महिन्यांनी ती फसल्यासारखी होते आणि मग आपल्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास राहत नाही. पहिल्याच दिवशी सांगा. पूजेला चौरंगाऐवजी उंच स्टूल चालेल का, देवघर टेबलवर घेता येईल का, संडासात कमोडची खुर्ची बसवली आहे का, ही बोलणी तिथेच करून टाका.

दुखणं किती चालेल

व्यायाम सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण भीती आहे आणि तिच्यावर आपण सगळ्यात कमी बोलतो. "थोडं दुखेल" असं म्हणून मोकळे होतो. थोडं म्हणजे किती?

शून्य ते दहाची पट्टी शहरात चालते. आमच्याकडे आण्यांची भाषा जास्त चालते, सोळा आणे म्हणजे पूर्ण. "बारा आणे फरक आहे बघा" असं पेशंटच सांगतात, मग मीही तेच वापरते. व्यायाम करताना दुखणं चार-पाच आण्यांपर्यंत गेलं तर चालू ठेवायचं. आठ आण्यांवर गेलं तर वेळा कमी करायच्या किंवा हालचाल थोडी अलीकडेच थांबवायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कालच्या सकाळपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सूज वाढली असेल, तर काल जास्त झालं असं समजून निम्मं करायचं. बंद मात्र करायचं नाही. शेवटचं वाक्य दोनदा सांगा. दुखलं की पूर्ण बंद, बरं वाटलं की एकदम सगळं, या चक्रात माणसं महिनेच्या महिने घालवतात.

नवा व्यायाम दिला की स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अवघडतात, हेही आधीच सांगायचं. आधी सांगितलं तर पेशंट म्हणतो, "मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं." सांगितलं नाही तर म्हणतो, "व्यायामाने वाढलं." शरीरात दोन्ही वेळा घडतं तेच, पण पुढच्या भेटीला एक जण येतो आणि दुसरा येत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली बरी. गोळी रात्री आणि व्यायाम सकाळी असं असेल तर डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून घ्या. इतक्या साध्या बदलाने मी रडत व्यायाम करणारी माणसं शांत झालेली पाहिली आहेत.

आणि थांबायचं कधी, तेही स्पष्ट लिहून द्या. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागतेय, दाबल्यावर दुखतेय. छातीत दुखतंय, दम लागतोय. जखमेतून पाणी येतंय, ताप आहे. यातलं काहीही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. गंमत अशी की ही यादी दिल्यावर भीती कमी होते. धोक्याचं काय ते कळलं की बाकीचं दुखणं सोसायला माणूस तयार होतो.

एक भीती आपल्याच लोकांनी घातलेली असते. "गुडघ्यात गॅप आलाय", "हाडं झिजलीत", "ग्रीस संपलंय, जपून राहा." हे ऐकून आलेली बाई व्यायाम कशी करेल? तिच्या मते जितका वापर तितकी झीज. मी तिला सांगते की सांध्याच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, त्यावर भार पडतो आणि निघतो, तेव्हा स्पंज दाबून सोडल्यावर पाणी शोषतो तसं सांध्यातलं पाणी कूर्चेत आत-बाहेर होतं आणि तिचं पोषण होतं. पाय हलवलाच नाही तर ती उपाशी राहते. शिवाय मांडीचा स्नायू बळकट असेल तर सांध्याला धक्के कमी बसतात. या पाच मिनिटांच्या बोलण्याला मी कधीच काट मारत नाही, बाहेर कितीही गर्दी असली तरी.

दोन किंवा तीन, बारा नाही

बारा चित्रं छापलेला कागद देणं बंद करा. १९९९ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना दोन व्यायाम दिले होते आणि काहींना आठ. दोनवाल्यांनी आपले व्यायाम आठवाल्यांपेक्षा चांगले करून दाखवले. हे वाचायच्या आधीही कुठल्याही घरी जाऊन पाहिलं असतं तरी कळलं असतं: आपला कागद एक तर औषधांच्या पिशवीत असतो किंवा पोळ्यांच्या डब्याखाली.

पहिल्या भेटीत दोन, फार तर तीन. गुडघा बदललेल्या पेशंटला सुरुवातीला मी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायला लावते, कारण वाकण्याइतकंच सरळ होणं महत्त्वाचं असतं आणि तेच सगळे विसरतात. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. दुसरं, पलंगावर टाच घसटत जवळ आणणं. तिसरं, खुर्चीतून उठणं आणि बसणं. पावलं खाली-वर हलवणं दिवसभर चालूच असतं, ते मी मोजतच नाही. हे अंगवळणी पडलं की एक वाढवायचा, आणि एक वाढवला की शक्यतो एक काढायचा.

"सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा" हे वाक्य हवेत विरून जातं. खेड्यातल्या घरात सकाळ नावाची मोकळी वेळ नसतेच. म्हणून व्यायाम आधीपासून चालू असलेल्या कामाला जोडायचा. चहाचं आधण ठेवलं की ओट्याला धरून टाचा उचलायच्या, चहा उकळेपर्यंत. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीतून उठ-बस. मालिकेत जाहिराती लागल्या की गुडघा सरळ करून धरायचा. देवाला दिवा लावला की खांद्याचा व्यायाम, कारण तेव्हा हात मोकळे असतात आणि घरात शांतता असते. आणि हे आपण ठरवायचं नाही. "तुमच्या घरी रोज न चुकता होतं असं काय आहे?" हे त्यांनाच विचारायचं. एका काकांनी सांगितलं, "सकाळी म्हशीला पेंड भिजवतो, ती फुगेपर्यंत मी तिथंच बसून असतो." झालं, कंबरेचे व्यायाम पेंड फुगेपर्यंत. हे मला क्लिनिकमध्ये बसून कधीच सुचलं नसतं.

मग निघण्यापूर्वी दोन गोष्टी. पहिली: "आता मी पेशंट, तुम्ही डॉक्टर. मला शिकवा." पेशंटला करून दाखवायला लावलं की नक्की काय चुकतंय ते दिसतं. श्वास रोखून धरणं आणि खांदा कानाकडे ओढणं या दोन चुका जवळजवळ सगळे करतात. बरोबर जमलं की त्यांच्याच मोबाईलवर त्यांचाच व्हिडिओ काढायचा, आवाज माझा: "काकू, छान, आता पाच म्हणेपर्यंत धरा." इंटरनेटवरची गोरी, सडपातळ, चटईवर पडलेली मुलगी बघून आमच्या काकू व्यायाम करत नाहीत. स्वतःला नऊवारीत पलंगावर तोच व्यायाम करताना बघून करतात, आणि शेजारणीलाही दाखवतात.

दुसरी: "हे घरी होईल याची खात्री सोळा आण्यांत किती?" बारा म्हणाले तर ठीक. आठ म्हणाले तर समजवत बसायचं नाही. व्यायाम कमी करायचा, किंवा वेळ बदलायची, आणि पुन्हा विचारायचं. बाराच्या वर जाईपर्यंत पेशंटला सोडायचं नाही. लहान पण होणारा कार्यक्रम हा मोठ्या आणि कागदावरच राहणाऱ्या कार्यक्रमापेक्षा कधीही भारी.

फरक डोळ्यांना दिसू द्या

सुधारणा इतकी हळू होते की रोज त्याच शरीरात राहणाऱ्याला ती कळत नाही. म्हणून मोजायचं, आणि मोजलेलं आपल्या फाइलमध्ये न ठेवता पेशंटच्या वहीत ठेवायचं. शंभर पानी साधी वही पुरते.

गुडघ्याचे अंश मी मोठ्याने वाचते आणि त्याचा अर्थ सांगते. सपाट रस्त्यावर नीट चालायला साधारण ६५ ते ७० अंश वाकणं लागतं, जिना चढायला ९० च्या आसपास, खुर्चीतून आरामात उठायला त्याहून थोडं जास्त. "आज ८२. जिन्याला अजून थोडेच कमी आहेत." आकड्याला जिना जोडला की आकडा लक्षात राहतो. पुढच्या वेळी पेशंट दारातूनच विचारतो, "आज किती भरतोय बघा."

घरी मोजता येईल असंही काहीतरी द्या. जखडलेल्या खांद्याला बोटांनी भिंत चढायची, जिथवर पोहोचलो तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख. दाराची चौकट याला उत्तम, रंग खराब झाला म्हणून कुणी ओरडत नाही. पायांच्या ताकदीसाठी तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते नातवाला मोबाईलवर वेळ लावून मोजायला सांगायचं. चालण्यासाठी: खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात. बारा किंवा त्याहून जास्त लागत असतील तर तोल सांभाळण्यावर काम हवं, पडण्याचा धोका आहे. ही चाचणी करताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

रोजच्या नोंदीला भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडरची तारीख तिथेच लिहितात, त्याच चौकोनात व्यायामाची एक फुली. वेगळा तक्ता दिला तर तो हरवतो.

पहिल्या दिवशी चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ परवानगी घेऊन काढून ठेवा. महिन्याभराने "काही फरक नाही मॅडम" असं ऐकू येईल, तेव्हा तो दाखवा. मी बाजूला काही बोलत नाही. पेशंट दोनदा बघतो आणि बहुधा नातेवाईकांनाही बोलावून दाखवतो.

किती वेळ लागणार, तेही आधीच खरं सांगून टाकावं. सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती बरीचशी मेंदू आणि नसा स्नायूला अधिक चांगलं कामाला लावू लागतात म्हणून. स्नायू प्रत्यक्ष भरायला सहा-आठ आठवडे तरी जातात. जखडलेला खांदा तर वर्ष घेतो, कधी दोन, कधी त्याहूनही जास्त. आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं. "महिन्यात बरा करतो" असं सांगणाऱ्याकडे पेशंट आधी जातो हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या महिन्यात तो तिथून निघतो आणि एव्हाना त्याचा व्यायामावरचाच विश्वास उडालेला असतो. मी पहिल्याच दिवशी म्हणते, "तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्हाला वाटेल हे सगळं फुकट आहे. तसं वाटलं की मला फोन करा." करतातही.

"मशीन लावा ना"

प्रत्येक क्लिनिकमध्ये ऐकू येणारं वाक्य: "व्यायाम काय, घरी पण करतो. तुम्ही मशीन लावा." यावर चिडू नका. माणूस पैसे मोजून, बस बदलून आला आहे, त्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटायला हवं. मी सरळ सांगते की मशीनने किंवा शेकाने दुखणं थोडा वेळ कमी होतं, त्या वेळात व्यायाम सोपा जातो, म्हणून ते आधी आणि व्यायाम त्याच्या मागे. व्यायाम न करता नुसतं मशीन हवं असेल तर पैसे वाया जातील हेही सांगते. काही जण जातात. राहतात ते कशासाठी राहिले हे समजून राहतात.

घरातली माणसं

घरी दोन प्रकारची माणसं असतात आणि दोन्ही प्रेमापोटीच अडचण करतात. एक प्रकार, "आई, तू उठू नको, मी देते पाणी." दुसरा, "केलास का व्यायाम? नाही ना? मग दुखणारच." पहिल्याने पेशंट अपंग होतो, दुसऱ्याने खोटं बोलायला शिकतो.

दोघांनाही काम द्या, अगदी नेमकं. पहिल्याला: पाण्याचा तांब्या मुद्दाम दोन खोल्या पलीकडे ठेवायचा, आणि त्या उठल्या की सोबत चालायचं पण धरायचं नाही. दुसऱ्याला: रोज संध्याकाळी पाच मिनिटं शेजारी बसून स्वतःही तोच व्यायाम करायचा. पुण्यात असणारा मुलगा रोज फोन करून चौकशी करत असेल तर त्याला सांगा, विचारू नको, व्हिडिओ कॉलवर "आई, दाखव बरं" म्हण. आणि सगळा भार सुनेवर टाकू नका. ती आधीच घर, रान, मुलं ओढत असते. मुलाला, नवऱ्याला, शाळकरी नातवाला त्यांचा त्यांचा वाटा नाव घेऊन सांगा.

लकव्याच्या पेशंटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे घरच्यांची साथ सुटली की सगळंच सुटतं. एका किराणा दुकानदारांचा उजवा हात गेला होता. मी दिलेला मऊ चेंडू ते दाबायचे आणि बाजूला ठेवून द्यायचे, चेहऱ्यावर काही नाही. मग त्यांच्या मुलाला दुकानातली नाणी एका थाळीत घेऊन यायला सांगितलं. एक-दोनची वेगळी, पाचची वेगळी, दहाची वेगळी, उजव्या हाताने. सुरुवातीला नाणं बोटांत धरलं जायचं नाही, थाळीच्या कडेपर्यंत घसटत न्यायचं आणि तिथून अंगठ्याने उचलायचं. खाली पडायची, नातू उचलून द्यायचा. पण काका थांबत नव्हते, कारण गल्ला मोजणं हे त्यांचं काम होतं. मेंदूला नवी वाट पाडायची तर तीच हालचाल पुन्हा पुन्हा हवी आणि ती कामाची हवी. शेतकऱ्याला शेंगा फोडायला द्या, बाईला मटार सोलायला, लसूण निवडायला द्या. वेळ लागतोय म्हणून हातातून काढून घेऊ नका.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, म्हणून तो काळ दवडू नये. पण "सहा महिने झाले, आता काही होणार नाही" हे खरं नाही. वेग कमी होतो, दार बंद होत नाही. लुळा हात धरून पेशंटला ओढून उठवू नका, खांदा निखळल्यासारखा होतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच थांबतो. कंबरेला धरा.

आणि एक गोष्ट नीट ओळखायला शिका. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. जेवण कमी, बोलणं बंद, कारण नसताना रडू, व्यायामाला नुसती नकाराची मान. घरचे म्हणतात, "हट्टी झालेत." त्यांना दटावून, प्रोत्साहनाची भाषणं देऊन उपयोग नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. लगेच त्यांच्या डॉक्टरांना कळवा. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तोच माणूस स्वतःहून "आज काय करायचं?" विचारतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

येणं परवडतं का, हे विचारा

रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून, सोबत एक माणूस घेऊन यायचं म्हणजे आपल्या फीपेक्षा जास्त खर्च आपल्यापर्यंत पोहोचण्यातच होतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी विचारते, "खरं सांगा, किती वेळा येणं जमेल?" आणि त्या आकड्यात बसेल असा कार्यक्रम करते. पहिले पंधरा दिवस जरा लागोपाठ, मग आठवड्याला एकदा, मग पंधरा दिवसांनी, मधे फोन. सुगी, पेरणी, ऊस तुटायला आला अशा दिवसांत व्यायाम दोनवरून एकावर आणायचा, पण तो एक ठेवायचा. "रान उरकलं की येतो" म्हणणाऱ्याला तारीख वहीत लिहून द्यायची.

यायचं थांबलं तर फोन आपणच करा. "का आला नाहीत?" असं विचारू नका, त्यावर फक्त सबबी येतात. "गुडघा कसा चाललाय?" असं विचारा. आणि सांगा, "सुटलं असेल तर सुटू दे, आहे तिथून पुन्हा धरू." व्यायाम चुकला म्हणून तोंड दाखवायची लाज वाटते आणि म्हणून येत नाहीत, असे पेशंट आपल्याला वाटतात त्याहून खूप जास्त असतात.

तसंच भेटीच्या सुरुवातीला "व्यायाम केलात का?" हे विचारणं सोडा. उत्तर नेहमी "हो" असतं. "यातला कुठला अवघड गेला?" असं विचारा. मग खरं बोलणं सुरू होतं: पलंग उंच आहे, जमिनीवर झोपलं की उठता येत नाही, नवरा हसतो, सासूबाई बोलतात. त्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं.

बरं वाटलं की पेशंट आपणहून बंद करतो, त्यामुळे शेवटची भेट ठरवून घ्या. त्या दिवशी पहिल्या पानावरचं वाक्य दोघांनी मिळून वाचायचं, अंबाडा असो की एसटीची पायरी. झालं असेल तर खूण करायची. मग शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहायच्या: कायम ठेवायचे दोन व्यायाम आणि ते कुठल्या कामाला जोडले आहेत, पुन्हा दुखलं तर पहिले तीन दिवस काय कमी करायचं, आणि कशासाठी थेट दवाखान्यात यायचं. खाली आपला फोन नंबर, मोठ्या आकड्यांत. महिन्याने आपण फोन करणार ती तारीख त्यांच्या कालनिर्णयातही लिहून ठेवायला सांगा आणि आपल्याही.